काळ्यावरचं पिवळं

दादानं रंगाचं काम सोडलं ते असं, की जणू रंगानंच त्याचा काही अपमान केला असावा. कोणी लाल दरवाजा किंवा निळं मडगार्ड घेऊन आलं, की तो दुरूनच हात हलवायचा. "रंग कोणीही मारतं. आम्ही फक्त कार्बनचं करतो." आणि हे म्हणणारा कोण, तर ज्याच्याकडे लांबलांबचे रंगारी हातात डबा घेऊन 'दादा, यात काय कमी आहे?' असं विचारायला यायचे, आणि जो काडीनं एकदा ढवळून 'निळं घाल, थेंबभर' म्हणायचा, तो दादा. उन्हानं विटलेल्या जुन्या गाडीला नवा रंग जुळवताना भल्याभल्यांना घाम फुटतो. दादा ते नुसत्या नजरेनं करायचा. त्या नजरेचा त्याला ताठा होता, आणि खरं सांगायचं तर तो त्याला शोभायचाही.

भिंगरीला वाटलं, कंटाळला असेल. भिंगरी म्हणजे त्याची धाकटी बहीण. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून हे नाव पडलं, ते पन्नाशी आली तरी चिकटून राहिलं. शाळा संपल्यावर गंमत म्हणून भावाच्या वर्कशॉपमध्ये पॉलिश पेपर घासायला आली आणि तिथलीच झाली. दादाच्या नाकावर राग आणि हिच्या ओठावर थाप, यांवर ते वर्कशॉप चालायचं. कामाला उशीर झाला की दादा गिऱ्हाइकावरच खेकसायचा, मग भिंगरी आतून पळत यायची आणि रंग कडक करणारा हार्डनरच आला नाही, वीजच नव्हती, हवाच दमट होती, असं काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यायची. थापा मारण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण त्या सगळ्या दुसऱ्यांच्या भल्यासाठी असत, त्यामुळे कोणाला त्याचं काही वाटत नसे. तिला तर नाहीच नाही.

आणि कार्बनचं काम काही वाईट नव्हतं. कार्बनच्या काळ्या धाग्यांचं विणलेलं कापड रेझिन नावाच्या चिकट द्रावात भिजवून कडक केलेलं असतं, आणि त्यावर पाण्यासारखा पारदर्शक थर असतो. त्याला सगळे नुसतं 'क्लिअर' म्हणतात. त्याच्यामुळे आतली वीण झळाळते. पण ऊन त्या क्लिअरला खातं. आधी तो धुरकट होतो, मग पिवळा पडतो, मग कडेनं त्याचे पापुद्रे सुटतात. तो खराब थर घासून काढायचा आणि नवा चढवायचा, एवढंच काम. फक्त घासताना हात जरा जास्त चालला, की खालची वीणच कापली जाते, आणि कापलेली वीण मग कोणाच्या बापाला पूर्ववत करता येत नाही.

तेव्हा दादानं रंग सोडले यात तिला काही वावगं दिसलं नाही. बल्बांचं तेवढं विचित्र होतं. घरातले बल्ब अंधूक आहेत म्हणून त्यानं ते सगळे बदलले. नवे आले तेही अंधूक निघाले. बल्बवाल्याशी तो असा कडाकडा भांडला, की तो बिचारा आता दादाला लांबून पाहिला तरी शटर अर्ध्यावर ओढतो. वहिनी म्हणायची, "आमचं स्वयंपाकघर म्हणजे ऑपरेशन थिएटर झालंय. भाजी चिरताना गॉगल घालावा लागतो मला." सगळे हसायचे, भिंगरीही हसायची. त्या हसण्याचा पुढे तिला फार त्रास झाला.

एका सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या. बॉनेट कार्बनचं होतं आणि दोन्ही बाजूंच्या आरशांची कव्हरंही. तिन्हींवर ऊन चांगलंच जेवून गेलं होतं. भिंगरीनं रिवाजाप्रमाणे बॉनेटवरून ओलं फडकं फिरवलं. ओल्यात धुरकटपणा दिसेनासा झाला, तर दोष नुसता वरवरचा असतो. धुरकटपणा दिसेनासा झाला खरा, पण पाण्याखालून पिवळेपणा तसाच वर आला, कागदावर चहा सांडून वाळला की दिसतो तसा.

"वरवरचं आहे," दादा म्हणाला. "हलका पेपर मारू, वरून नवा क्लिअर. झालं."

"आणि पिवळं?" भिंगरीनं विचारलं.

"कुठलं पिवळं?"

तिला वाटलं, चेष्टा करतोय. ती हसलीसुद्धा. पण दादा खाली वाकला, नाक बॉनेटला टेकेल इतका वाकला, आणि सरळ होऊन म्हणाला, "काळंभोर आहे सगळं. उगाच आपलं काहीतरी."

"मलाही पिवळट वाटतंय हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अर्थात मी दिवसभर पिवळंच बघत असते."

दादाच्या कपाळावरची शीर उडायला लागली. भिंगरीनं ती पाहिली आणि सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या एप्रनची झाक पडली असेल, बाई." एप्रन पांढराशुभ्र होता. डॉक्टरीणबाईंनी एप्रनकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं, आणि गाडीची किल्ली ठेवून शहाण्यासारख्या निघून गेल्या.

भिंगरीनं मात्र ते फडकं पुन्हा एकदा बॉनेटवरून फिरवून पाहिलं. एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे येऊन उभी राहिली. रंगाचं काम सोडलं ते एका पांढऱ्या गाडीवरून. त्यानं दरवाजा दोनदा रंगवला आणि दोन्ही वेळा तो दुधाच्या सायीसारखा आला. दादानं रंगाच्या कंपनीचा उद्धार केला होता. मग ते बल्ब. मग एकदा तो एका पायात निळा आणि एका पायात काळा मोजा घालून आला होता, ते. काळ्या कामात रंग जुळवावा लागत नाही, म्हणून तर हा कार्बनच्या मागे जाऊन लपला नसेल? आणि लपलाय हे याला स्वतःला तरी माहीत आहे का?

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी डबा घेऊन आली. दादा मागच्या बाजूला कॉम्प्रेसरशी झटत होता. वहिनीनं भिंगरीला कोपऱ्यात ओढलं.

"काल हे फुटपाथवरून उतरले ते सरळ सायकलवाल्याच्या अंगावर. पायरी दिसलीच नाही म्हणे. वर त्याच्यावरच ओरडले, दिवा का लावला नाहीस म्हणून. टळटळीत दुपार होती गं!"

"मोतीबिंदू असेल, वहिनी."

"असेल नाही, आहेच. माझ्या मावशीचं असंच होतं. पिकू दिला, पिकू दिला आणि मग डॉक्टर म्हणाले, आता अवघड आहे. डोळे दाखवा म्हटलं की हे म्हणतात, माझे डोळे? माझे?" वहिनीनं डोळे पुसले. "माझं काही चालत नाही बाई त्यांच्यापुढे. तू सांग. तुझं ऐकतील."

"सांगते," भिंगरी म्हणाली.

सांगणार होतीच ती. त्या दुपारी सांगणार होती, मग संध्याकाळी सांगणार होती. पण दादा समोर आला की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. जगातल्या कुठल्याही माणसाला काहीही सांगून वाटेला लावणारी बाई, पण 'दादा, तुला दिसत नाही' एवढे चार शब्द तिला उच्चारता येईनात. कसे येणार? आई गेल्यावर त्यानंच तिची वेणी घातली होती, आणि ती वेणी अशी घट्ट असायची की भुवया वर ताणल्या जायच्या. दुनियेत दादाला एकाच गोष्टीचा अभिमान होता आणि नेमकी तीच त्याच्या हातातून काढून घ्यायची, ते तिनंच.

कामं त्यांनी वाटून घेतली. दादानं कव्हरं घेतली, भिंगरीनं बॉनेट. दादानं म्हटल्याप्रमाणे हलका पेपर मारला आणि नवा क्लिअर फवारला. हात अजून लोण्यासारखा होता त्याचा, कुठे ओघळ नाही, कुठे संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा नाही. कव्हरं आरशासारखी झाली. आणि त्या सुंदर आरशाखाली जुनं पिवळं जसंच्या तसं बंद होऊन बसलं.

भिंगरीनं मात्र बॉनेट मुळापर्यंत घासलं. पाणी मारत, फडक्यानं पुसत, पिवळट-पांढरं पाणी येतंय तोवर क्लिअर आहे, करड्याची चाहूल लागली की खाली वीण आली, थांबायचं, असं करत करत तिनं सगळं पिवळं उतरवलं. मग नव्या क्लिअरचे थर दिले, ते वाळू दिले, सपाट केले. आता शेवटचा हात तेवढा राहिला होता. तिनं बॉनेट दारात नेऊन उजेडात धरलं. वीण अशी दिसत होती, की बोट लावलं तर धागा हाताला लागेल. इतक्या वर्षांत असं काम तिच्या हातून झालं नव्हतं. तिला मनापासून वाटलं, दादाला हाक मारावी आणि म्हणावं, बघ.

पण शेजारच्या टेबलावर कव्हरं होती. बॉनेटच्या शेजारी ती सिगारेट ओढणाऱ्याच्या दातांसारखी दिसत होती, आणि गिऱ्हाईक होतं दातांची डॉक्टरीण. ती ते दारातूनच ओळखणार होती. ओळखणार, बोलणार, दादाच्या तोंडावर बोलणार. आणि इथे थाप तरी कोणती मारायची? एप्रनची तर आधीच मारून झाली होती.

आता भिंगरीनं जे केलं ते रंगाऱ्याशिवाय कोणाला सुचणार नाही, आणि शहाण्या रंगाऱ्याला तर नाहीच. तिनं विचार केला, की डोळ्याला पिवळं खुपत नाही, फरक खुपतो. दोन वस्तू सारख्याच पिवळ्या असल्या, की बघणारा म्हणतो, कार्बनच तसला असेल. कव्हरं बॉनेटसारखी करायची तर दादाला सांगावं लागेल. पण बॉनेट कव्हरांसारखं करायला कोणाला काही सांगावं लागणार नाही.

दादा त्या दिवशी जेवायला घरी गेला होता. भिंगरीनं जुन्या रंगांच्या फळीवरून अंबरचा, म्हणजे चहासारख्या पिवळसर तांबूस रंगाचा, डबा काढला. झाकण ठोकून उघडलं. क्लिअरमध्ये हार्डनर घातला, पातळ केलं, आणि वरून अंबरचे थेंब सोडले. कव्हर शेजारी ठेवून तिनं आणखी थोडं घातलं. मग मास्क चढवला आणि फवारायची गन घेऊन आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या कामावरून तो चहा फिरवला.

जुळलं. अगदी तंतोतंत जुळलं. दादाची नजर एकेकाळी जशी जुळवायची तसंच. भिंगरीनं गन धुतली, डबा जागेवर ठेवला, मास्क काढला आणि स्टुलावर बसून रडली. आपण काहीतरी चांगलं केलं असंही तिला वाटत होतं आणि आपल्याला कोणीतरी दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा दादा त्या जुन्या फळीपाशी उभा होता. ढवळायच्या काड्या तिथेच एका बरणीत असायच्या. काडी घ्यायला गेला होता, पण हात बरणीपर्यंत पोचलाच नव्हता. तो डब्यांच्या झाकणांवरून बोटं फिरवत होता. दोन वर्षांची धूळ होती त्यांच्यावर. एका झाकणावर नव्हती. तिथे बोट चिकटत होतं.

"भिंगरे," त्यानं मागे न वळता हाक मारली. "हे अंबर ना?"

तिनं हातातली पिशवी खुंटीला अडकवली.

"अंबर कशाला उघडलंस? आपण तर रंग करत नाही." मग जरा थांबून तोच म्हणाला, "एखादं इंडिकेटरचं काम आलं होतं का? मी जेवायला गेल्यावर?"

किती छान थाप होती ती! आयती, गरमागरम, समोर वाढलेली. इंडिकेटरचं भिंग, अंबर, दहा मिनिटांचं काम, गिऱ्हाईक घाईत होतं. भिंगरीला स्वतःला याहून बरी सुचली नसती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. दादा काडी घेऊन कामाला लागला असता, डॉक्टरीणबाई गाडी घेऊन गेल्या असत्या, आणि दादा असाच एखाद्या दुपारी फुटपाथवरून उतरला असता.

"नाही," ती म्हणाली. "इंडिकेटर नव्हता."

"मग?"

"तुझी कव्हरं पिवळी आहेत, दादा. आधी होती तशीच आहेत. तुला दिसत नाही ते."

दादा वळला. ती आता थांबली असती तर पुन्हा बोलू शकली नसती, म्हणून तिनं घाईघाईनं सगळंच सांगून टाकलं. "माझं बॉनेट स्वच्छ निघालं होतं. शेजारी ठेवलं की फरक दिसत होता. त्या बाईंना दिसला असता. म्हणून मी शेवटच्या हातात अंबर घातलं."

दादा बॉनेटपाशी गेला. वाकला, नाक टेकेपर्यंत वाकला. बराच वेळ पाहत राहिला. मग ताठ उभा राहिला आणि असा ओरडला, की समोरच्या इमारतीत कोणीतरी खिडकी उघडली.

"चांगलं काम बिघडवलंस? स्वतःच्या हातानं? अक्कल गहाण टाकलीस का? माझी कव्हरं पिवळी तर पिवळी, माझ्या डोक्यात घालायची होतीस! चांगल्या कामात पिवळं कालवतात का?"

"तुला वाईट वाटलं असतं!" भिंगरीही ओरडली. तिनं दादावर ओरडण्याची ही पहिलीच वेळ असावी. "तुला कोणी काही बोललेलं मला सहन होत नाही, म्हणून!"

खिडकी बंद झाली. दादा स्टूल ओढून बसला. त्याचा राग असाच होता, दुधासारखा वर यायचा आणि खाली बसायचा. पण आज तो खाली बसल्यावर मागे जो माणूस उरला, तो भिंगरीला फार म्हातारा वाटला.

"स्वच्छ निघालं होतं म्हणतेस?" त्यानं विचारलं.

"असं की बोट लावलं तर धागा लागेल."

"आणि मी ते पाहिलं नाही."

ती त्याच्या शेजारी जमिनीवरच बसली. दादा आपल्या चिकट बोटाकडे बघत होता.

"मला अर्धवट ठाऊक होतं गं," तो म्हणाला. "तो पांढरा दरवाजा दुसऱ्यांदा परत आला ना, तेव्हाच. सगळे रंग पाणी घातल्यासारखे दिसायला लागलेत. म्हटलं, काळ्यात निभेल. काळ्यात काय बघायचंय? हाताला तर सगळं कळतं." त्यानं बोट एप्रनला पुसलं. "पिवळं हाताला कळत नाही."

"मोतीबिंदू आहे, दादा. काढतात. वहिनीच्या मावशीनं उशीर केला, तू करू नकोस."

"वहिनीलाही माहीत आहे?"

"बल्बवाल्यालासुद्धा माहीत असेल."

दादाच्या तोंडाचा एक कोपरा हलला. हसू म्हणावं इतकं काही नव्हतं ते. मग तो उठला आणि फोन घेतला. भिंगरी घाईनं म्हणाली, "दे, मी बोलते त्यांच्याशी, सांगते की हार्डनर..." दादानं हात वर करून तिला गप्प केलं.

"बाई, कव्हरं मी पिवळीच ठेवली आहेत," त्यानं फोनवर सांगितलं. "माझ्या डोळ्यांत दोष आहे. रंगाचं माझी बहीण बघते आता. तिनं पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. दोन दिवस जास्त लागतील."

पलीकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज भिंगरीलाही ऐकू आला. "लागू देत हो. मी एकदा एका गृहस्थांना शेजारच्या दातांपेक्षा भलताच पांढरा दात बसवला होता. ते अजून तोंडावर हात ठेवून हसतात."

दादानं फोन ठेवला. 'रंगाचं माझी बहीण बघते' हे वाक्य भिंगरीला पुन्हा एकदा ऐकायचं होतं, पण तसं विचारायची लाज वाटली. दादानं मग वहिनीला फोन लावला आणि मंगळवारची वेळ घे म्हणाला. कसली वेळ ते त्यानं सांगितलं नाही. वहिनीनंही विचारलं नाही.

बॉनेटवरचा अंबरचा थर उतरवायचा होता. तो पातळ होता, आणि त्याच्याखालचा भिंगरीचा क्लिअरही काही फार जाड नव्हता. हात हलका हवा होता, आणि वर्कशॉपमधला सगळ्यात हलका हात दादाचाच होता. भिंगरीला मनात भीती वाटली. दादानं ती ओळखली असावी.

"पेपर मी मारतो," तो म्हणाला. "फडक्याकडे तू बघ. पिवळं उतरतंय तोवर मी घासतो. पांढरं आलं की सांग."

तिनं बादली भरली, धुतलेलं पांढरं फडकं काढलं. दादानं ओला पेपर ठोकळ्याला गुंडाळला आणि घासायला लागला, सावकाश, एका लयीत. दारातून दिवसाचा उजेड येत होता. भिंगरीनं पाण्याची धार सोडली, फडक्यानं टिपलं, फडकं उजेडात धरलं.

"आता?"

"पिवळं आहे."

तो घासत राहिला. कडेकडेनं पुढे सरकत, बोटांनी चाचपत, पुन्हा घासत. दर थोड्या वेळानं तो विचारायचा आणि ती सांगायची. तो स्वतः वाकून बघत नव्हता. एकदाही वाकला नाही. 'नक्की का?' असंही म्हणाला नाही. उभ्या आयुष्यात जिचं एक वाक्य कोणी धडपणे खरं मानलं नव्हतं, तिच्या एकेका शब्दावर दादाचा हात चालत होता. ते लक्षात आलं तेव्हा भिंगरीचे डोळे भरून आले, आणि फडकं नीट दिसावं म्हणून तिनं ते घाईघाईनं बाहीला पुसले.

"आता?"

भिंगरीनं फडकं उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा धरलं.

"पांढरं," ती म्हणाली, आणि दादानं हात उचलला.